सध्या कुणाच्या संग्रहात

अर्जाला वयाची अट नव्हती, हे मी दोनदा वाचलं.
मग दुकानाचं शटर अर्धं ओढून
सासऱ्यांना झेरॉक्स मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं.
हाशा जोमा मढवी. मुक्काम सारसोळे.
होड्यांची नावं रंगवणारा या काठावरचा शेवटचा माणूस,
असं मी लिहिणार होते. ते म्हणाले, "खोटा नको.
दिवाल्याला एक हाय अजून. हात थरथरतो त्याचा, पन हाय."

रकाना तीन : स्थानिक असल्याचा पुरावा.
वीजबिल जोडलं.
त्यावर पत्ता सेक्टरचा,
सेक्टर आमच्यानंतर आलेला.

रकाना सात : महत्त्वाच्या कलाकृती, कमाल पाच.
मी म्हटलं, जत्रेचा पडदा लिहू? व्यायामशाळेची भिंत?
ती 'एकवीरा', जिची वेलांटी वल्ह्यापर्यंत जाते?
ते नुसते पाय हलवत राहिले.
मग म्हणाले, "दगर लिव."

कसले दगड?
सत्तरच्या सुमाराला मोजणीवाले आले साखळी घेऊन.
सोबत लाल ऑइलपेंट होता, अक्षर मात्र कुणाचंच बरं नव्हतं.
शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणारा पोरगा
त्यांनी बांधावरूनच उचलला.
दिवसाला तीन रुपये, दुपारचा चहा.
मिठागराच्या कडेनं, खाडीच्या बांधानं
तो शेताशेताच्या कोपऱ्यावर आकडे टाकत गेला,
आणि गावच्या बाया मागून म्हणत होत्या,
काय देखणं लिहितो पोर!
आकडे कशाचे, ते नोटिसा आल्यावर कळलं.
सर्व्हे एकशे तेरा, हे आमचं.
त्यातला तीन त्यांनी जरा निगुतीनं काढला होता.

मी टाइप केलं.
माध्यम : दगडावर लाल ऑइलपेंट.
आकार : वीतभर. संख्या : मोजली नाही.
सध्या कुणाच्या संग्रहात : पामबीच रोड, डांबराखाली.
इथं त्यांनी चष्मा मागितला,
पडद्याला नाक लावून म्हणाले,
"यो फॉन्ट कुनी काडला? र पडतोय."

मुलाखत ठाण्याला, तलावाजवळच्या हॉलमध्ये.
पाच परीक्षक, पाण्याच्या पाच बाटल्या.
"तुमच्या कामात स्थानिकता कशी येते?"
सासऱ्यांनी नीट विचार केला.
"चालत," म्हणाले. "सकालच्याला."
एक बाई हसल्या. बाकीच्यांनी लिहून घेतलं.

निकाल : उत्तेजनार्थ.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी उत्तेजन!
मी रागावले, ते नाही.
रक्कम कधी येते एवढंच विचारलं,
आणि ती आल्यावर पांढऱ्याचे दोन डबे, निळ्याचा एक,
वर तांडेलाच्या दुकानाची उधारी फेडली.

पाठ्यवृत्ती ऐरोलीच्या एका मुलीला मिळाली.
गाळात उमटलेले पक्ष्यांचे पाय ती प्लास्टरमध्ये उतरवते.
काम चांगलं आहे. बघून आले, म्हणून सांगते.
तीच एका रविवारी दुकानात आली :
"आजोबा, त्यातला एखादा दगड उरला असेल का?"

तीन रविवार गेले.
शेवटी एका सोसायटीच्या मागल्या फाटकाशी,
वॉचमनच्या केबिनमागे, दोन विटांवर तोललेला.
वर किटली.
वॉचमननं ती उचलली.
सासऱ्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, तळव्यानं चोळलं.
आधी काहीच नाही.
मग ओल मुरताना कडा वर आल्या :
एक, एक, आणि तीन.
हिस्सा लिहिलेली बाजू फुटलेली,
त्यामुळे आमचा की शेजारच्या घरतांचा, सांगता येणार नाही.

मुलीनं कॅमेरा काढला. हा प्रदर्शनात नेऊ या म्हणाली,
परवानगीचं मी बघते.
सासरे उकिडवे बसून होते,
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
"शेपटी लांबली जरा," म्हणाले,
आणि वॉचमनला खूण केली,
ठेव किटली.