पहिल्या वर्षीच्या कळ्या

एप्रिलात आणले तेव्हा ते गुलाब नव्हतेच.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काटक्या,
उघडी मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी,
आणि पुठ्ठ्यावर छापलेलं एक लालभडक चित्र.
जस्ताच्या टबात रात्रभर भिजत ठेवले,
ज्यात एकेकाळी मुलीला न्हाऊ घालायचे.

जागा बटाट्यांची होती.
अडतीस वर्षं या पट्टीत बटाटे, कांदे, बीट,
पोटाला लागेल तेवढंच.
कुंपणापलीकडून चेझारी म्हणाला,
"लुद्मिवा, गुलाब काय उकडून खाणार आहेस?"
मी म्हटलं, बघू.
वूचच्या गिरणीत मागांपाशी कान गेले माझे,
दोनशे धोटे एकदम धावायचे,
त्यामुळे जरा मोठ्यानेच म्हटलं असणार:
तीन पट्ट्या सोडून झोपलेला कुत्रा उठून बसला.

मग मे. मे महिन्यात आमच्याकडे
तीन गारठलेले माळी येतात,
संतांची नावं लावून, एकामागून एक,
आणि चौथ्या दिवशी ती थंड झोश्का,
जाता जाता टोमॅटो मारून जाणारी.
चारही रात्री जुने पडदे काटक्यांवर घातले.
सकाळी पडदे सुक्या माशांसारखे कडक,
आणि खाली कोंब,
तांबूस, ओले,
उंदराच्या पिल्लाच्या कानाएवढे.

जूनमध्ये कळ्या. मोजल्या, सतरा.
चेझारी चष्मा लावून आला. त्याला सगळे नियम पाठ.
"पहिल्या वर्षी एकूण एक खुडायच्या.
आधी मूळ धरू दे. फूल म्हणजे उधळपट्टी."
खरं असेल. त्याचं मनुकांचं झाड
दर वर्षी फांदी टेकेपर्यंत लगडतं.

खुडायला लागले.
तुटलेलं सूत धरून गाठ मारायची तीच चिमूट,
चोवीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा.
या चिमटीला फक्त जोडणं माहीत होतं.
सोळा कळ्या खिशात टाकल्या,
मातीत फेकायचा धीर झाला नाही.
सतरावीपाशी अंगठा अडला.
का, ते सांगता येणार नाही.
तिच्यावर मावा होता, कड कुणीतरी कुरतडलेली,
सगळ्यांत देखणी होती असं तर मुळीच नाही.

मग नऊ दिवस, बादली उलटी घालून, समोर.
हिरवं आवरण तडकलं,
आत एक फिकी रेघ दिसली,
पुन्हा दोन दिवस काहीच नाही.
दहाव्या दिवशी कानाच्या डॉक्टरची तारीख.
ट्रामने गेले, बाकावर बसले.
"हे ऐकू येतंय?" नाही.
"आणि हे?" नाही.
परत येऊन पाहते तर उमललेली.
मी घरात नसताना
कुणी दार लोटून आत येऊन बसावं, तशी.

आणि लाल नव्हती.
मांजरपाटाचा रंग.
मागावरून नुकतं उतरलेलं कोरं कापड,
न धुतलेलं, न रंगवलेलं,
ज्यात सरकीचा काळा ठिपका राहून जातो, तसलं.
सवयीने पाकळी बोटांनी चाचपली, दोष शोधत.
कुरतडलेली कड लगेच सापडली.
अशा ठाणावर खडूने फुली मारायचे,
पैसे आमच्या पगारातून जायचे.

"फसवलं तुला," चेझारीचे ओठ म्हणाले.
"पावती आहे ना? बदलून घे."
पावती होती. खिशातच,
सोळा सुकल्या कळ्यांच्या चुऱ्यात.

मी म्हटलं, ये, वास घे.
तो वाकला. इतका वेळ वाकून राहिला
की मला वाटलं, कंबर धरली याची.
मग जमिनीकडे तोंड करूनच काहीतरी बोलला.
मला ऐकू आलं नाही.
मीही परत विचारलं नाही.

उद्या बटाट्यांना माती लावायची.
यंदा दोनच ओळी आहेत.