बेगमी

आगुश्तीनने रेड्याला नाव ठेवलं नव्हतं.
विकायच्या जनावराला ठेवू नये म्हणे.
पण सांजेला तळीच्या बांधावरून
एक शीळ घालायचा, दोन तुकड्यांची,
आणि तो गवतातून मान वर करायचा.
ही शीळ म्हणजे नावच की, मी म्हटलं.
बाई, म्हणाला, तू हिशेब लिही.

लिहिला. चार घरं,
एकशे बावीस किलो, हाडं सोडून.
कातडं त्याचं. जीभ पिएदादची,
तिने जानेवारीतच सांगून ठेवलेली.
डॉक्टरचा शिक्का मारलेला कागद वहीला टाचला.
माझ्या वाट्याला साडेतीस.
एकट्या बाईला साडेतीस किलो!
पण मे महिना होता, आणि अख्खी कुडतरी
पावसाळ्याची बेगमी करत होती,
अंगणात मिरच्या, मडक्यात सुके बांगडे.
इथे तिला पुरुमेंत म्हणतात.
हा शब्द तोंडात धरून मी फ्रीझर आणला
मडगावच्या एका बुडालेल्या आइस्क्रीमवाल्याकडून,
झाकणावर अजून पिस्ता कुल्फीचं चित्र.

पिएदादने सुरी कशी धरायची ते दाखवलं.
रेषा बघ, मग आडवी काप.
हा अंडरकट, पाहुणा आवडता असेल तरच.
ही नळी. हिचा रस्सा
बाळंतिणीला नाहीतर रुसलेल्याला.
मी पिशव्यांवर तारीख, वजन, जागा लिहीत गेले,
आणि ती चष्मा वर करून हसली:
तिची कोंकणी रोमी लिपीतली, प्रार्थनेच्या पुस्तकातली.
तुमची अक्षरं कशी गो,
सगळी दोरीवर वाळत घातलेली!

चौथ्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला.
वायरमन म्हणाला उद्या.
उद्या म्हणाला परवा.

मग तिच्या परसात तीन चुली पेटल्या.
खोबरं भाजलं, खसखस भाजली,
माडाच्या शिरक्याचा वास नाकात चढला
आणि मांस आपल्याच पाण्यात शिजत राहिलं
पहाटे पोदेराचा भोंपू वाजेपर्यंत.
सगळे दरवाजे उघडे.
वास रस्त्यावर, चॅपलच्या पायऱ्यांवर,
शेवटच्या बसमधून उतरलेल्या माणसांच्या अंगावर.
मी दोनदा उठले खिडकी लावायला.
लातुरात भाड्याच्या खोलीत
आधी खिडकी लावायची, मग कांदा कापायचा.
कोणी विचारलंच तर अंडी.
सात वर्षं मी अंडी खाल्ली.
पिएदादने विचारलं, कितें गो, थंडी वाजते?
हो म्हणाले. मे महिन्यात.

तरी अकरा किलो उरलंच.
ती म्हणाली, कुत्र्यांचं नशीब.
मी म्हणाले, दोरी आहे का?

हातांना आठवत होतं, मला नव्हतं.
गोळा डाव्या तळव्यावर फिरवत न्यायचा,
सुरी जागच्या जागी,
पट्टी तुटू द्यायची नाही.
उदगीरला आई अशा चान्या करायची
बाजेवर बसून, शेजारणीशी भांडत,
आणि तिची पट्टी हातभर लांब निघायची.
माझी वीतभर निघाली, मग तुटली,
मग दीड वीत.
मीठ, हळद.
विहिरीपासून फणसापर्यंत दोरी,
दुपारपर्यंत सगळं लटकलं.
कावळे हाकायला मी काठी घेऊन बसले,
आठ वर्षांची असताना बसायचे तशी,
फक्त आता गुडघे दुखत होते.

पिएदाद बराच वेळ दोरीखाली उभी राहिली
डोक्यावर ओला टॉवेल घेऊन.
आता जमतंय मला, म्हणाली,
तुझं लिहिलेलं वाचायला.
काय लिहिलंय?
पावसात भूक लागेल, असं लिहिलंय.

आगुश्तीन आला तो चौथ्या घराचे पैसे मागायला.
दोरीकडे त्याने पाहिलं नाही.
वाटीभर रस्सा दिला, नको म्हणाला,
आपलं आपण खात नाही.
पैसे दोनदा मोजले आणि बांधावरून गेला.

मग थोड्या वेळाने तळीकडून शीळ आली,
दोन तुकड्यांची.
सवय असेल.
आम्ही दोघींनी मान वर केली.