शुद्धिपत्र

पेरूगेटापाशी, सायकलच्या दुकानावर,
अठरा पायऱ्या चढून गेलं की आशिया.
बावीस वर्षं मी तिथे मुद्रितं तपासली.

निजसुरे संपादक. पूर्वेला सगळ्यांत लांब गेले ते
अमरावतीला, मावशीच्या तेराव्याला.
पण मेकाँगला पाणी किती चढलंय
हे त्यांना मुठेच्या आधी कळायचं.
जकार्तातला तांदळाचा भाव आणि मंडईतला,
एकाच वहीत, समोरासमोर.

याकूबभाई खिळे जुळवायचे.
सिलोन गेलं, सायगाव गेलं,
पेकिंगचं बीजिंग झालं, रंगूनचं यांगून.
ते म्हणायचे, "देश बदलू देत, बाई,
माझे 'न' झिजलेत त्याचं बोला."
एकदा अख्खं कंबोडिया
एका अनुस्वारावाचून
दोन दिवस गॅलीत अडकून पडलं.

वर्गणीदार चारशे अकरा.
मग दोनशे सहा.
मग फलटणहून एक कार्ड, शाई फुटलेली:
"हे गेले. अंक मात्र पाठवत जा.
कोरियाचं पुढे काय झालं
ते विचारत होते शेवटी शेवटी."
निजसुऱ्यांनी ते मेजाच्या काचेखाली सरकवलं.
उत्तर दिलं नाही.
काय देणार? कोरियाचं पुढे
अजून काही झालंच नव्हतं.

शेवटच्या पानावर शुद्धिपत्र.
जाहिरात गळाली तरी चालेल, ते गळायचं नाही.
एकदा लिहून आणलं त्यांनी:
'पान ४१, ओळ ७. "युद्ध संपले" ऐवजी
"युद्ध थांबले" असे वाचावे.'
मी म्हटलं, सर, ही छपाईची चूक नव्हे,
मूळ प्रतीत तुम्हीच तसं लिहिलं होतंत.
चष्मा पुसत म्हणाले,
"म्हणूनच."

गेल्या महिन्यात खोली रिकामी केली.
त्यांच्या सुनेला घाई होती, रद्दीवाल्याला त्याहून.
त्रेपन्न वर्षं, सुतळीने बांधलेली,
काटा हलला आणि थांबला.
मी प्रत्येक अंकाचं शेवटचं पान तेवढं
फाडून घेतलं.
"त्यात काय आहे?" तिनं विचारलं.
चुका, म्हटलं.
तिनं पिशवी दिली.

आता रात्री बातम्या लावते.
निवेदिका हसून सांगते, संपलं.
माझा हात आपोआप
समासाकडे जातो.

टीव्हीला समास नसतो.
लाल पेन्सिल
तशीच राहते हातात.