निरीक्षक : ओ. कार्पान्चाय

संध्याकाळी यास्ना घुमट उघडते.
म्हणजे उघडायला सांगते;
उघडतो तो प्रोग्राम,
आधी वाऱ्याला विचारून, मग दमटपणाला,
मग त्या मोटरला, जी थंडीत जरा कुरकुरते.

खाली आताकामा. लांब तांब्याच्या खाणीचे दिवे,
तेवढाच शेजार.

दुर्बीण वळते. यादीतला पहिला तारा, नव्वद सेकंद.
दुसरा, नव्वद सेकंद.
आरशावर पडलेला उजेड आकडे होऊन
केबलमधून तळघरात उतरतो,
आणि तिथे प्रत्येक चित्राच्या कपाळावर
सटवाईनं लिहावं तसं लिहिलं जातं:
तारीख. वेळ. आरशाचं तापमान. वारा किती, कुठून.
निरीक्षक : ओ. कार्पान्चाय.

यास्ना कोल्के इथे तीन वर्षं आहे.
ओ. कार्पान्चाय तिने पाहिलेला नाही.

सान्तियागोहून पत्र आलं:
जुना साठा नव्या सर्व्हरवर न्यायचाय, नोंदी तपासून द्या.
तिने मोजलं. नऊ वर्षं, चार लाख अकरा हजार चित्रं,
सगळ्यांवर तोच.
भूकंपाच्या रात्री हललेल्या ताऱ्यांवरही.

‘ओरेन्सिओ,’ स्वयंपाकी दोन प्रोस्पेरो म्हणाला,
कांदा चिरता चिरता.
‘त्यानंच लिहिलं ना ते सगळं. चाचणीपुरतं नाव टाकलं स्वतःचं.
मग छातीला उंची सोसेना, उतरला खाली.
अंजिराची बाग केली म्हणे. पुढचं काही कानावर नाही.’

रात्री तिने कोड उघडला.
ओळ दोनशे बारा: नाव. शेजारी शेरा: हे नंतर बदलायचं.
त्याखाली:
वारा पंधराच्या वर गेला की बंद कर.
समोरच्याने कितीही सांगितलं तरी ऐकू नकोस,
त्याला आणखी एक तारा हवा असतो.

ती हसली. तिलाही हवा होता.

पावणेतीनला वारा सोळा.
तिचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत
घुमट मिटला.

थोडा वेळ ती तशीच बसली, कोट पांघरून.
मग सान्तियागोला लिहिलं:
नोंदी तपासल्या. जुन्या बरोबर आहेत.
आणि ओळ दोनशे बारावर
स्वतःचं नाव टाकलं. शेरा राहू दिला.

घुमट बंद, तरी कॅमेरा थांबत नाही.
अंधारही मोजून ठेवावा लागतो,
उद्याच्या वजाबाकीसाठी.

तिच्या नावाचं पहिलं चित्र:
सगळं काळं,
फक्त कपाळ लिहिलेलं.