साडेतीन नंबरचे बूट

शनिवारी नऊ वाजता मी शटर वर करतो.
विनिपेगच्या उत्तर भागातलं जुनं रिंक,
बाहेर उणे सव्वीस,
आत उणे चार, म्हणजे तसं उबदारच.
फळ्यांवर मागून आणलेले एकशे बारा जोड,
प्रत्येक बुटाच्या जिभेवर आधीच्या मालकांची नावं.
डेरेक. खोडून कायला. खोडून पुन्हा डेरेक, हा वेगळा.
पात्यांना धार मीच लावतो.
रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड घासलं,
हात अजून विसरलेले नाहीत.

मुलं बसमधून उतरण्याआधी त्यांचा आवाज उतरतो.
न्याकुमच्या नव्या वेण्यांवर एकही हेल्मेट बसत नाही,
ती म्हणते, मग मी डोक्यावर पडणारच नाही.
एह मू तीन मोजे घालून येते
आणि बूट लागतो म्हणून रडते.
मेहारीला नाडी करकचून हवी,
इतकी की घोट्याला वाटावं, कुणीतरी धरलंय.
मी खाली बसून हुकाने नाड्या ओढतो,
अर्ध्या तासात चाळीस पाय.
उठताना कुरकुरतो तो माझा गुडघा.

रोझॅन पहिल्या दिवशी उभं राहायला शिकवत नाही.
आधी पडा, म्हणते.
कुशीवर, सैल, हनुवटी छातीशी.
पडलो तरी नाक वर, हे इथे चालत नाही.
वीस मुलं एकदम पडतात.
पडल्याबद्दल कुणी रागावणार नाही, हे कळल्यावर
पोरं कशी हसतात
ते ऐकायला तरी एकदा या.

खुदेदा पडला नाही.
नऊ वर्षांचा, सिंजारकडचा.
सहा शनिवार एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीमागे,
कडेकडेने, फळीला खांदा घासत.
कुणी खुर्चीला हात लावला
की त्याची बोटं पांढरी पडायची.
पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो,
बिल जास्त आलं तरी म्हणतो.
त्याच्या गावात ती एका रात्रीत सरकली.
इथे निदान बर्फ जागेवर असतो,
सरकायचं ते आपण.
हे मी त्याला सांगितलं नाही.
मला त्याची भाषा येत नाही,
आणि आली असती तरी.

सातव्या शनिवारी आई धाकटीला घेऊन आली.
चार वर्षांची, गुलाबी कोट, नाक गळतंय.
ती सरळ बर्फावर गेली आणि खुर्चीत बसली,
बसमध्ये बसावं तशी,
आणि वळून त्याच्याकडे बघत राहिली.
आता बस हलायलाच हवी होती.

त्याने ढकललं.
कडेकडेने नाही, मधून.
ती ओरडली, अजून.
दुसऱ्या फेरीत तो गुडघे वाकवायला लागला,
रोझॅन सहा आठवडे हेच सांगत होती.
तिसऱ्या फेरीत धाकटीला शू लागली.
ती उतरली, आईने तिला उचललं,
आणि तेवढ्यात एह मूने ती खुर्ची नेली
कारण खुर्ची रिकामी होती
आणि एह मूला ती हवी होती.

खुदेदाचे हात तसेच पुढे,
काहीच न धरलेले.
वेग होता अंगात, तो संपेना.
तो आमच्या काउंटरसमोरून गेला
एखादा दिवा विझू नये म्हणून घेऊन जावा तसा,
श्वास धरून.
मग पडला.
कुशीवर, सैल, हनुवटी छातीशी.
अगदी शिकवलं होतं तसा.
छताकडे बघत तो बराच वेळ पडून राहिला.
रोझॅन धावली नाही. मी पण नाही.

साडेदहाला बूट परत देताना
त्याने माझ्या खिशातला मार्कर मागितला, खुणेने.
दुसऱ्या डेरेकला त्याने खोडलं नाही,
त्याच्याखाली उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं.
शेवटचं अक्षर मावलं नाही, कडेवरून मागे गेलं.
मार्चपर्यंत हे बूट त्याला होणार नाहीत.
चार नंबरात एकच जोड आहे, त्याचं एक पातं वाकडं.
ते सोमवारी बघतो.
आतून ओले होते दोन्ही.
जिभा बाहेर ओढून हीटरजवळ ठेवले.