खडे आणि काड्या

वंक्षू नदी त्या वर्षी दगडासारखी गोठली,
आणि पलीकडच्या काठावर शकांचे तंबू.
आधी चाळीस होते, मग चारशे.
वारा तिकडून आला की त्यांची तान्ही रडताना
आमच्या तटावर ऐकू येत.

मी लिसानिअस, कोठारातला कारकून.
रांजणाच्या गळ्यावर शाईनं लिहायचं, हे माझं काम:
ऑलिव्हचं तेल, दीड रांजण,
मोजलं कुणी, शिक्का कुणाचा.
राजा शरदातच गेला, मागे मूल नाही.
कोठाराला दोन कुलपं:
एक किल्ली नगरसभेची, दुसरी टेकडीवरच्या विहाराची,
कारण निम्मा गहू त्यांच्या कालव्यावरचा.

प्रश्न एवढाच होता:
वेस उघडायची का?

आम्ही ग्रीक खड्यांनी मत देतो.
पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही.
भिक्खू देतात काड्यांनी,
रंगवलेली हो, कोरी नाही.
दोन्ही एकत्र मोजायचं, हे ठरण्यातच तीन दिवस गेले.
आमचे कायदेपंडित म्हणाले, काडीला वजन नसतं.
थेर उपसोण म्हणाले,
मग खड्याला तरी कुठे मत असतं?

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरचं बर्फ झाडून लोक बसले.
घोड्यांचा व्यापारी अग्नोन ओरडला,
आज गहू मागतात, उद्या गाव मागतील.
खोटं नव्हतं ते.
एका कोवळ्या भिक्खूचा हात थरथरत होता,
त्यानं कोरी काडी टाकली. मी पाहिलं.

मग दिव्याशी मी एकटा, आणि साक्षीला थेर.
पांढरे सत्त्याण्णव. काळे एकशे एकतीस.
रंगीत काड्या साठ. कोऱ्या सव्वीस.
बेरीज तीनदा केली.
एकशे सत्तावन्न.
एकशे सत्तावन्न.

बरोबरी झाली तर आहे तसंच राहतं,
म्हणजे वेस बंद.
उभ्या जन्मात मी कुणाचं पसाभर धान्य
इकडचं तिकडे केलं नव्हतं.
एक काळा खडा माझ्या बाहीत गेला.
गेला म्हणतो. मी घातला.

थेरांनी दिव्याची वात सारखी केली.
पुष्कळ वेळ करत राहिले.

सकाळी वेस उघडली.
घोड्यांनी आखाड्यातला पेंढा फस्त केला, मुतून वाळू खराब केली.
एका शक बाईची सुटका मुखवट्यांच्या खोलीत झाली,
भिंतीवरून सगळे हसरे-रडके चेहरे बघत होते.
मारामाऱ्या झाल्या, दोन खून झाले, अग्नोनचे सहा घोडे गेले.
चौथ्या वर्षी शकांनीच कालवा उपसला.

थेर जाताना मी त्यांच्या उशाशी होतो.
म्हणाले, कारकून, एक विचारू?
कुठला होता, काळा ना?
हो, म्हणालो.
ते म्हणाले, त्या रात्री मी न बोलता खोटं बोललो,
आणि मला अजून पश्चात्ताप येत नाही,
त्याचंच वाईट वाटतं.

आता मला एक स्वप्न पडतं.
बेरीज बरोबर आहे, वेस बंद आहे,
आणि उपाशी माणसं बर्फावरून चालत येतात, मशाली घेऊन.
मग राख. मग नुसती माती, फार वर्षं.
मग कुणी परका माणूस
आमच्या खांबाचं कोरीव डोकं उलटं मांडून
त्यावर भांडं ठेवतो,
मला ठाऊक नसलेलं काहीतरी कपात ओततो.
त्याला आमच्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही.
मी ओरडतो, मोजणी चुकव, मोजणी चुकव!
तो फुंकर घालून पितो.

जाग येते तेव्हा अंगणात नात खेळत असते.
तिची आजी मुखवट्यांच्या खोलीत जन्मली,
हे तिला गोष्टीसारखं वाटतं.
पाचखडे खेळते. चार नदीतले,
आणि पाचवा माझ्या पेटीतून ढापलेला,
काळा, गुळगुळीत.
वर उडवते.
मी श्वास धरून बसतो,
तो खाली येईपर्यंत.