उभा छेद

चेहरे हॅलोरन काढायचा.
मी भिंती.
ब्रिजपोर्टला, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत,
पानामागे साडेतीन डॉलर,
खिडक्या कितीही असोत.

मेरिडियन टॉवर, अठ्ठावीस मजले,
नदीच्या मधोमध.
कुठली नदी, ते कुणी ठरवलंच नव्हतं.
दर तिसऱ्या अंकात तो पडायचा.
कधी भूकंपयंत्रानं, कधी मंगळावरच्या मुंग्यांनी,
एकदा तर विझत्या ताऱ्याच्या नुसत्या जांभईनं.
हॅलोरन दोन फटकाऱ्यांत धूर काढून मोकळा.
आणि पुढच्या महिन्यात, पहिल्याच पानावर
टॉवर जसाच्या तसा उभा.
कुणी बांधला, गवंड्यांची मजुरी कुणी दिली,
जगात कुणाला प्रश्न पडला नाही.
मी बांधायचो.
दोन रात्री, एक पट्टी, एक टाक,
आणि बाहीवर खोडरबराचा भुगा.

एकाहत्तरच्या उन्हाळी विशेषांकाला
झेलनिकला उभा छेद हवा होता :
अख्खी इमारत केकसारखी कापायची,
समोरासमोरची दोन पानं भरून,
खोल्यांना आकडे घालून.
मी गच्चीवर रॉकेटचा तळ दिला,
शपथेचं गोल दालन दिलं,
शत्रूंकडून जिंकलेल्या हत्यारांची कपाटं दिली.
एकोणिसाव्या मजल्यावर जागा उरली, तिथं
स्क्रँटनचं आईचं स्वयंपाकघर बसवलं,
वाकड्या झाकणाच्या किटलीसकट.
त्याला आकडा दिला नाही.
आणि तळघरात, भट्टी केवढी ते कळावं म्हणून,
शेजारी एक माणूस उभा केला.
नखाएवढा. हातात बादली.

सप्टेंबरात डुलुथहून पत्र आलं,
रेघांच्या कागदावर, पेन्सिलीनं.
डेल्फीन ओकरलुंड, वय दहा.
माझे बाबा रात्री नऊ मजल्यांची बँक झाडतात.
त्यांनी तुमचं चित्र जेवता जेवता खूप वेळ बघितलं.
ते विचारतात, ह्या माणसानं वर जायचं कुठून?
आणि पोछा कुठे ठेवतो तो?

भिंग घेऊन बसलो.
जिना नव्हता.
अठ्ठावीस मजले आणि एक पायरी नाही!
एकजण उडतो, एकजण भिंतीतून येते,
दगडी जुळे थेट छतच फोडतात.
लिफ्ट होती, पण बाराव्यापासून वर,
कप्तानाच्या मोटारीपुरती.
मग प्रत्येक लढाईनंतर
वरच्या काचा इतकी वर्षं कोण गोळा करत होतं?

झेलनिक हसला. म्हणाला, दे त्यालाही पंख.

नाही दिले.
पुढच्या वेळी टॉवर पडला तेव्हा
भट्टीच्या मागून जिना चढवायला घेतला.
अरुंद, एकाच बाजूला कठडा.
भिंत कुठं फुटली की त्याचा तुकडा दिसे,
दोन पायऱ्या, कधी तीन,
वळणावर एक खिळा, खिळ्याला पोछा.
एकदा शपथेच्या दालनामागे
किलकिल्या दारात बादली ठेवली होती.
हॅलोरननं तिच्यावरून कुणाचा तरी झगा फडकवला.
मी ती पुढच्या चौकटीत सरकवली.
आमचं ह्यावर बोलणं कधीच झालं नाही.

अंक त्र्याण्णव शेवटचा. खप नव्हता.
ते सगळे आकाशगंगेपार निघून गेले,
आणि टॉवर, पहिल्यांदाच, कुणी पाडला नाही.
शेवटच्या चौकटीत तो एकटा, रात्र,
झेलनिकची सक्त ताकीद, एकही दिवा नको.
चारशे सहा खिडक्या मी काळ्या केल्या.
मनगट धरलं.
एकोणिसाव्या मजल्यावर, जिन्यालगत,
टाकाचं टोक जरासं अलीकडेच थांबलं,
कागद तेवढाच पांढरा राहिला.

छापखान्याला तो धुळीचा कण वाटला.
निम्म्या प्रतींत त्यांनी तो बुजवला.
निम्म्यांत आहे.